मुलांचे वर्तनविकार आणि मेंदूची रचना

लहान मूल खोडी काढते, खोटे बोलते, रागाच्या भरात भावंडास मारते. वडीलधारी माणसे त्यास व्रात्य किंवा द्वाड म्हणतात, आणि काही वर्षांनी तेच मूल शहाण्यासारखे वागू लागते. वाढत्या वयातील हे वर्तन स्वाभाविक होय. परंतु काही थोड्या मुलांच्या बाबतीत असे घडत नाही. ती वारंवार इतरांना इजा करतात, मुक्या जनावरांना छळतात, वस्तूंची नासधूस करतात, चोऱ्या करतात, घरातून वा शाळेतून पळून जातात. वैद्यकशास्त्रात ह्या स्थितीस ‘वर्तनविकार’ असे नाव आहे. एखाद्या दिवसाच्या अपराधावरून हे निदान करावयाचे नसते. अशी अनेक लक्षणे दीर्घकाळ दिसत राहिली व त्यांमुळे मुलाचे घरचे आणि शाळेतले जीवन विस्कटले, तरच वैद्य हा शब्द वापरतात.

अशा मुलांच्या मेंदूत काही वेगळेपण असते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या काळात बऱ्याच अंशी मिळाले आहे. मात्र ते नीट समजून न घेतल्यास त्यापासून लाभाऐवजी हानीच होण्याचा संभव आहे.

जन्मजात गुन्हेगारीची कल्पना

इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोझो ह्याने १८७६ साली गुन्हेगार मनुष्याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एका कैद्याच्या कवटीच्या मागील भागात त्यास एक खळगा आढळला होता. तेवढ्यावरून व इतर काही शारीरिक मापांवरून, काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात असा सिद्धान्त त्याने मांडला. पुढील परीक्षेत तो टिकला नाही.

ही कल्पना आपल्या देशासही अपरिचित नाही. ब्रिटिश राजवटीत १८७१ साली झालेल्या कायद्याने कित्येक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्या जमातीत जन्मलेले मूल काही करण्यापूर्वीच संशयित ठरे. हा कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला; परंतु त्या शिक्क्याचे दुःख विमुक्त जमातींना पुढेही भोगावे लागले. मुलाच्या शरीरात त्याचे भवितव्य वाचू पाहणाऱ्याने हा इतिहास दृष्टीआड करू नये.

एका साथीने दिलेला धडा

वर्तनाचा मेंदूशी संबंध आहे, हे मात्र खरे. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात एका विलक्षण निद्रारोगाची साथ सुरू झाली. व्हिएन्ना येथील वैद्य फोन एकोनोमो ह्याने १९१७ साली तिचे वर्णन केले. ह्या रोगात मेंदूस सूज येई. १९२० नंतरच्या दशकात ह्या दुखण्यातून उठलेल्या अनेक मुलांचा स्वभाव पालटून गेलेला दिसला. पूर्वी सालस असलेली मुले चोऱ्या करू लागली, विनाकारण मारझोड करू लागली, आणि त्यांतील काहींना आपल्या कृत्याचा मागाहून पश्चात्तापही होई. आईबापांचे संस्कार तेच, घर तेच. बदलला होता तो मेंदू. सर्वच दुर्वर्तन केवळ हट्टाने किंवा दुष्टपणाने होत नाही, हे वैद्यांना त्यावरून उमगले.

प्रतिमांनी काय दाखविले?

त्या काळी जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे चांगले साधन नव्हते. आज चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजेच एम.आर.आय.च्या साहाय्याने मेंदूच्या प्रतिमा निर्वेधपणे घेता येतात. ह्या विषयावरील तोपर्यंतचा सर्वांत मोठा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांतील पंधरा संशोधनगटांनी जमविलेल्या प्रतिमा त्यात एकत्र करण्यात आल्या होत्या. ७ ते २१ वर्षे वयाची, वर्तनविकार असलेली १,१८५ आणि तो नसलेली १,२५३ मुले त्यात होती.

निष्कर्ष समजण्यासाठी मेंदूच्या रचनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मेंदूच्या बाहेरील राखी रंगाच्या थरास बाह्यक म्हणतात. त्याची जाडी अवघी दोन ते चार मिलिमीटर असते. पण तो उलगडून पसरला तर लहानशा टॉवेलाएवढा होईल. कवटीच्या मर्यादित जागेत मावण्यासाठी त्यास असंख्य घड्या पडलेल्या असतात. विचार, संयम, योजना, दुसऱ्याचे मन जाणणे ही कामे बाह्यकाच्या सहभागाने चालतात. विकार असलेल्या मुलांत ह्या थराचे एकूण क्षेत्रफळ सरासरीने कमी आढळले; तपासलेल्या ३४ विभागांपैकी २६ विभागांत ही घट होती.

मेंदूच्या अंतर्भागातील काही केंद्रांचा आकारही सरासरीने लहान होता. त्यांपैकी अमिग्डला हे बदामाच्या आकाराचे केंद्र भय ओळखण्याच्या व अनुभवण्याच्या क्रियेत महत्त्वाचे आहे. हिप्पोकॅम्पस स्मृतीशी, तर अक्युम्बेन्स हे केंद्र बक्षिसाच्या ओढीशी निगडित आहे. थॅलॅमस हा इंद्रियांकडून येणाऱ्या संदेशांचा मोठा नाका होय. ज्या मुलांत सहानुभूती व अपराधाची टोचणी फारच कमी होती, त्यांच्यात असे फरक अधिक ठिकाणी दिसले. मुलगे व मुली ह्यांच्यातील चित्र बहुतांशी सारखेच होते.

सरासरीचा अर्थ

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. समजा, दोन गावांतील हजार हजार मुलांची उंची मोजली व एका गावाची सरासरी अर्ध्या सेंटिमीटरने कमी भरली. हा फरक खरा असू शकेल. पण वाटेत भेटलेल्या एखाद्या मुलाच्या उंचीवरून त्याचे गाव ओळखता येईल काय? मुळीच नाही. दोन्ही गावांत उंच आणि ठेंगू मुले असणारच. मेंदूतील हे फरक त्याच जातीचे आहेत. ते हजारोंच्या समूहात दिसतात, आणि लहान आहेत. एकट्या मुलाची प्रतिमा पाहून त्यास विकार आहे किंवा तो पुढे गुन्हा करील, असे कोणीही सांगू शकत नाही.

कारण की परिणाम?

दुसरा प्रश्न असा की, हा फरक विकाराचे कारण आहे की कठीण परिस्थितीचा परिणाम? एकाच वेळी घेतलेल्या प्रतिमांवरून ह्याचा उलगडा होत नाही. अनुवंश, गर्भावस्थेतील अपाय, बालपणातील मारहाण व उपेक्षा ह्या सर्वांचा मेंदूच्या वाढीशी संबंध असतो.

शिशाचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात १९७९ पासून काही गर्भवती स्त्रिया व त्यांची मुले ह्यांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण मोजण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लहानपणी ज्यांच्या रक्तात शिसे अधिक होते, त्यांच्या मेंदूच्या पुढील भागातील राखी द्रव्य प्रौढपणी कमी आढळले आणि त्यांना अटक होण्याचे प्रमाणही अधिक होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. अशा वेळी दोष मुलाच्या माथी मारावयाचा, की त्याने श्वासावाटे घेतलेल्या हवेच्या?

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा अभ्यास आजवर चालू आहे. त्यांतील ६७२ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा वयाच्या ४५ व्या वर्षी घेण्यात आल्या. बालपणापासून प्रौढपणापर्यंत ज्यांचे समाजविघातक वर्तन टिकून राहिले, त्यांच्या बाह्यकाचे क्षेत्रफळ व्यापक प्रमाणात कमी दिसले. जे केवळ किशोरवयात बहकले व पुढे सावरले, त्यांच्यात असा व्यापक फरक आढळला नाही. ह्यावरून किशोरवयातील प्रत्येक गैरवर्तन एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरते.

उपाय आणि कर्तव्य

वर्तनविकारावर उपाय आहेत, व त्यांची सुरुवात लहान वयात केल्यास लाभ अधिक होतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटर्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने घराघरांतून जाऊन निरीक्षणे केली. मूल आरडाओरडा करते, पालक थकून त्याचे ऐकतात. मुलास कळते की ओरडल्याने काम होते, आणि पालकांना कळते की नमते घेतल्याने शांतता लाभते. हे दुष्टचक्र दिवसेंदिवस घट्ट होत जाते. ते तोडण्यासाठी पालकांना शिकवितात ते असे: चांगले वर्तन दिसताच त्याची तेथल्या तेथे वाखाणणी करावी; नियम थोडे व स्पष्ट असावेत; नियम मोडल्यास परिणाम सौम्य पण निश्चित असावा; आणि मारू नये. आपल्याकडे शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळांत शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे.

मेंदूतील फरकाच्या ज्ञानाने अपराधाची भरपाई होत नाही. ज्यास मार बसला, ज्याची वस्तू चोरीस गेली, त्याचे दुःख खरेच असते व त्याचे रक्षण व्हावयास हवे. तथापि, ज्या मुलाचा मेंदू अजून वाढत आहे, त्याच्याविषयी अखेरचा निवाडा देण्याचा अधिकार विज्ञान कोणासही देत नाही. संयमाशी निगडित असलेला मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. म्हणून वर्गातील सर्वांत द्वाड मुलाकडे पाहताना ‘हा असाच निपजला’ असे म्हणण्यापूर्वी, ‘ह्याला वेळीच कोणते साहाय्य मिळावयास हवे होते, आणि ते आज देता येईल काय?’ असे विचारणे हेच शास्त्रास धरून होईल.