शिट्टीपूर्वीचा इशारा

फ्री किक शिट्टीआधीच घेतली, तर गोल खरा की खोटा? पुण्यातील शालेय मैदानांवर हा वाद नवा नाही. वास्तविक फ्री किक ही अन्याय सोसणाऱ्या संघाला मिळणारी भरपाई होय, आणि विलंबाने भरपाईचे मोल घटते. म्हणूनच नियम ती तत्काळ घेण्याची मुभा देतात. शिट्टीची अट घालीत नाहीत. मात्र प्रतिस्पर्ध्यांना ९.१५ मीटर मागे हटवा, अशी मागणी झाली व पंचांनी ती मानली, की शिट्टीवाचून चेंडू मारता येत नाही.

या दोहोंपैकी कोणती वाट चालू आहे, हे उभय संघांना एकाच वेळी कळावयास हवे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूर येथे इंडियन सुपर लीगच्या बाद सामन्यात याच मुद्द्यावर वाद पेटला. जादा वेळेत केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू बचावाची भिंत रचण्यात गुंतले असता सुनील छेत्रीने गोल केला. पंचांनी तो ग्राह्य धरला. केरळचा संघ मैदान सोडून गेला. पुढे त्या क्लबला चार कोटी रुपये दंड झाला. सामना सोडणे असमर्थनीयच. तथापि पंचांनीही यातून बोध घेतला पाहिजे.

बालेवाडीत २०२२ साली महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले, तेव्हा पंचांच्या दिमतीला साहाय्यक होते. शालेय सामन्यात बहुधा एकटा पंच आणि त्याची शिट्टी! शिट्टी उंचावून तिच्याकडे बोट दाखविणे, ‘शिट्टीवर’ असे मोठ्याने बजावणे, याला खर्च शून्य. पंचांच्या प्रशिक्षणात या सवयीला अग्रस्थान मिळावे. खेळाडूंचा न्यायावरील विश्वास तिच्यावरच अवलंबून आहे.