निवेदकाचा गंभीर चेहरा
अमेरिकी विनोदकार : लेखांक ५

मागच्या लेखांकात मार्क ट्वेनचा मिसिसिपीवरच्या बोटींपासून नेवाडातल्या वृत्तपत्रापर्यंतचा प्रवास पाहिला. आता त्याच्या कथनाच्या रीतीकडे वळू. विनोदी गोष्ट गंभीरपणेच सांगावी, तिच्यात हसण्यासारखे काही असल्याची शंकाही सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसू नये, असे त्याने १८९५च्या एका निबंधात मांडले. वरवर पाहता ही केवळ व्यासपीठावरची युक्ती वाटते. प्रत्यक्षात ट्वेनच्या नैतिक विचाराचे मुख्य हत्यार हेच आहे.

या रीतीचा पहिला गाजलेला नमुना म्हणजे उड्या मारणाऱ्या बेडकाची गोष्ट. ती १८६५मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सॅटर्डे प्रेस’मध्ये छापून आली. कॅलिफोर्नियातल्या खाणवस्तीतला सायमन व्हीलर हा म्हातारा जिम स्मायलीच्या पैजांची हकिगत सांगतो. स्मायलीच्या बेडकाच्या पोटात कुणीतरी छर्रे भरले, हेही तो एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र सांगावे तशा आदराने सांगतो. इथे सांगणाऱ्याला जे दिसत नाही ते वाचकाला दिसते, आणि त्यातून हसू येते. वीस वर्षांनी हकलबरी फिनच्या कादंबरीत हीच रीत ट्वेनने गुलामगिरीसारख्या विषयाला लावली. एकतिसाव्या प्रकरणात हक पळालेल्या जिम या गुलामाचा ठावठिकाणा त्याच्या मालकिणीला कळवणारे पत्र लिहितो, मग जिमचा जिव्हाळा आठवून ते फाडतो आणि नरकात जायला तयार होतो. गुलामाला मदत करणे पाप आहे, यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. लेखक मध्ये पडून त्याला शाबासकी देत नाही. हकच्या सद्सद्विवेकबुद्धीलाच समाजाने कसे नासवले आहे, हे वाचकाला स्वतः ओळखावे लागते.

हा प्रसंग ट्वेनला कल्पनेतून रचावा लागला नाही. मिसूरीतल्या हॅनिबल गावी त्याचे बालपण गेले. तिथे गुलामगिरी देवाला मान्य आहे असे चर्चमधून शिकवले जाई आणि आपल्यालाही तेव्हा तिच्यात वावगे वाटले नव्हते, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. जानेवारी १८९६मध्ये तो मुंबईत आला. हॉटेलात एका जर्मन माणसाने हिंदी नोकराच्या तोंडात मारली. ते पाहताच त्याला हॅनिबल आठवले. गुलामाला आपली इच्छा समजावण्याची तिथली रीत हीच होती. पुढच्या वर्षीच्या प्रवासवर्णनात त्याने हे लिहिले. अन्याय सर्वांच्या अंगवळणी पडला की तो कुणाला खटकत नाही. म्हणूनच तो ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याच्याच तोंडून वदवण्याची रीत इतकी परिणामकारक ठरते.

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की लेखक गप्प राहिला तर भोळा वाचक निवेदकाचेच खरे मानेल. शिवाय हकच्या कादंबरीत पानोपानी येणारी वांशिक शिवी कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला वर्गात ऐकावी लागते. ही वेदना खरी आहे, आणि शिक्षकाने संदर्भ न देता हे पुस्तक शिकवू नये. पण ट्वेनला कृष्णवर्णीयांचा आवाज ऐकूच येत नव्हता, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. १८७४मध्ये ‘अटलांटिक मंथली’त आलेल्या त्याच्या कथेत एक गोरा गृहस्थ आन्ट रेचेलला विचारतो, की तुला आयुष्यात कधी दुःखच कसे झाले नाही? उत्तरादाखल ती नवरा आणि सात मुले लिलावात विकली गेल्याची कहाणी सांगते. अज्ञान तिथे त्या गृहस्थाचे ठरते. दुसरा आक्षेप हकच्या कादंबरीच्या शेवटावर आहे. जिम मृत्युपत्राने आधीच मुक्त झाल्याचे टॉम सॉयरला ठाऊक असते, तरी तो त्याच्या सुटकेचा लांबलचक खेळ मांडतो. हेमिंग्वेने १९३५मध्ये वाचकांना त्याआधीच थांबायला सांगितले होते. कायद्याने मुक्त, तरीही कोंडलेला जिम म्हणजे यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेचेच चित्र, असा बचाव काही समीक्षक करतात. तो अर्धाच पटतो. कारण इथे सूत्रे टॉमच्या हाती जातात, जिम खेळणे होतो आणि हकच्या निर्णयाचे मोल उतरते. मात्र हा दोष जाणवतो तो एकतिसाव्या प्रकरणाने वाचकाची नजर तयार केलेली असते म्हणूनच. गंभीर चेहऱ्याच्या निवेदकाने आपले काम केलेले असते.

पुढच्या आठवड्यात १८९९ची हॅडलीबर्गची कथा पाहू. तिथे भ्रम एका मुलाचा नसून प्रामाणिकपणाचा टेंभा मिरवणाऱ्या साऱ्या गावाचा आहे.