लहानशा मंडळीची श्रद्धा

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुंभारी हे गाव आज ओळखले जाते ते कामगारांच्या घरकुलांमुळे. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे २००६ साली, आणि रे नगरातील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी, त्या त्या वेळच्या पंतप्रधानांच्या हस्ते कष्टकऱ्यांच्या स्वाधीन झाली. घर मिळाले की आसरा मिळतो, शेजार मात्र जुळवावा लागतो. तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू अशा चार भाषा कानांवर पडणाऱ्या वसाहतीत कोण कोणाचे, हा प्रश्न घराची किल्ली हाती आल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होतो.

अर्थशास्त्राचा जनक मानल्या गेलेल्या अॅडम स्मिथने या प्रश्नाचा विचार अडीचशे वर्षांपूर्वी केला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १७७६ सालच्या आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो सांगतो की, खेड्यातल्या गरीब माणसावर गावाची नजर असते. तोच माणूस मोठ्या शहरात आला की अंधारात बुडून जातो, त्याच्या बऱ्यावाईट वागण्याची दखल घेणारे कोणी उरत नाही. या अंधारातून त्याला बाहेर काढते ती एखादी लहानशी धर्ममंडळी. तेथे त्याला नाव असते, आणि तो चुकला तर विचारणारे असतात. स्मिथ काही भाबडा भक्त नव्हता. अशा मंडळ्यांचे नीतिनियम पुष्कळदा कठोर आणि समाजाला फटकून असतात, असेही त्याने लगोलग बजावले आहे आणि त्यावर विज्ञानाचा अभ्यास व सार्वजनिक करमणूक असे दोन उतारे सुचविले आहेत.

एखाद्या श्रमिक वसाहतीत दहापंधरा कुटुंबांची ख्रिस्ती मंडळी कोणाच्या तरी घरी सतरंजीवर बसून उपासना करते, तेव्हा ती नेमके काय मानते? बाहेरच्या माणसाला याची कल्पना अगदी थोडी असते. नाताळचा तारा आणि गळ्यातला क्रूस यांपलीकडे त्याची माहिती जात नाही. प्रॉटेस्टंट परंपरेतील अशा मंडळीचा गाभा पाहिला तर तो थोडक्यात सांगता येतो. देव एक आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्यात प्रकट झाला आहे. पवित्र शास्त्र हे श्रद्धेचे व आचरणाचे प्रमाण आहे. येशू ख्रिस्त मानवाच्या पापांसाठी क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि पुन्हा येणार आहे. तारण मिळते ते पुण्याच्या साठ्यावर नव्हे, तर देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन विधी येशूने नेमून दिलेले आहेत.

यातील कृपेचा सिद्धांत सर्वांत अवघड. कर्म आणि फळ यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या समाजाला तो चटकन पटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टांत याच दृष्टीने वाचला पाहिजे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला तासभर उरला असता आणखी काही लावतो, आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. दर हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला ही कुरकुर कोणी समजावून सांगावी लागत नाही. तिच्या आयुष्यात श्रम मोजल्यावाचून पैसा येत नाही, आणि वळलेल्या विड्यांतल्या काही नापसंत ठरल्या तर तेवढे श्रम वाया जातात. त्या बाईला ही कथा सांगते की, निदान एक दरबार असा आहे जेथे नगावर मजुरी नाही. अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर हा धनी वेडा ठरेल. पण उशिरा आलेल्या मजुराला कोणी कामावर लावलेच नव्हते आणि त्याच्याही घरी चूल होती, हा तपशील दृष्टांतात मुद्दाम सुचविला आहे. बेकारी हा मजुराचा दोष नव्हे, असेच त्यातून निघते.

दुसरी महत्त्वाची श्रद्धा म्हणजे प्रत्येक विश्वासणारा हा याजकच आहे, ही. देवापाशी जाण्यास मध्यस्थ नको. या एका मतातून मंडळीची सारी व्यवस्था जन्माला येते. मुंबईत १८१३ साली आलेल्या आणि पुढे अहमदनगर व सोलापूरपर्यंत पसरलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल होती. म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला पाळक स्वतः निवडायचा, सभासद स्वतः दाखल करून घ्यायचे, वर कोणी बिशप नाही. जातीच्या उतरंडीत ज्यांना कधी मत विचारले गेले नव्हते, त्यांना येथे हात वर करून मत देता येऊ लागले. १९२४ साली या मंडळ्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांबरोबर एकत्र आल्या आणि नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात बिशपही आले, आणि बालकाचा बाप्तिस्मा व प्रौढाचा बाप्तिस्मा असे दोन्ही प्रकार मान्य करण्यात आले. दोन्हींना मान्यता देणे ही तडजोड नव्हे, असे धर्मपंडित म्हणतात. संस्थांचा इतिहास जाणणारा माणूस त्यावर नुसताच हसेल. तडजोड असली तरी ती उत्तम होती.

तथापि निवडीचा अधिकार आणि खर्चाचा भार हे एकाच हाती असावे लागतात, आणि मिशनच्या काळात ते तसे नव्हते. पैसा अमेरिकेतून येत होता. ही विसंगती ज्या मराठी माणसाला सर्वाधिक बोचली तो म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावनाने १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते, भजनकीर्तनाला होतेच. १९१९ साली टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. श्रद्धा परकी नसेल तर तिची तिजोरीही परकी नको, हा त्यांचा आग्रह मात्र आजही घरात जमणाऱ्या प्रत्येक लहान मंडळीपुढे उभा आहे. तंबू बनवून पोट भरणारा पौल त्यांना आधाराला आहे, आणि दशांशाची प्रथाही आहे. परंतु दशांश हा उत्पन्नावर असतो, आणि रोजावर जगणाऱ्याचे उत्पन्न दर आठवड्याला निराळे असते. शिवाय उपासनेचा एक तास म्हणजे नगावर काम करणाऱ्या बाईच्या मजुरीतला एक तास. तो कोणत्याही जमाखर्चात धरला जात नाही.

याहून मोठा खर्च कायद्याने लावलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सूसाई खटल्यात हा आदेश कायम ठेवला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली. २०२२ साली न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. धर्म बदलल्याने जात जाते, असे सरकारी कागद मानतो. पाणवठ्याला आणि सोयरिकीला मात्र ते मान्य नसते. अशा स्थितीत मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी कसरत कोणी केली तर त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून किंचित कमी भरली. त्या रकान्यात किती जणांनी आपले नाव लिहू दिले नाही, हे मोजण्याची सोय जनगणनेत नाही. मंडळीच्या हजेरीत मात्र ती नावे असतात, आणि प्रभुभोजनाची भाकर फिरते तेव्हा दाखला विचारला जात नाही.