जुन्या फॉन्टमधील मजकुराचे रूपांतर

मोखाडा तालुक्यातील ‘किनिस्ते’ हे गावाचे नाव कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून नक्कल करून नव्या पत्रात चिकटविले, की तेथे रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका उमटतो. याचे कारण असे, की त्या फॉन्टमध्ये संगणक मराठी अक्षर साठवीतच नसे. रोमन अक्षर साठवून त्याजागी मराठी आकृती दाखवीत असे. १९९१ साली आलेल्या युनिकोडने प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतंत्र क्रमांक दिला.

या दोहोंमधील दुभाष्याचे काम एक लहानशी संगणक प्रणाली करते. नक्कल केलेला मजकूर क्लिपबोर्डवर असतानाच ती त्याचे रूपांतर करते. हे काम केवळ अक्षरबदलाचे नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. ‘सूर्यमाळ’मधील रफाराचे नेमके उलटे. वेलांटी किंवा रफार भलत्याच अक्षरावर गेला, तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यातील नाव इतर कागदांशी जुळत नाही आणि दावेदारास तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात. म्हणून जव्हार-मोखाड्यातील ग्रामसभांचे जुने ठराव व याद्या रूपांतरित करताना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी प्रत्येक नाव मूळ कागदाशी ताडून पाहावे; गट क्रमांकही पाहावेत. मूळ धारिका मात्र पुसून टाकू नये.