पंधरा हजार टाके

डिसेंबरात लासलगावची रात्र लवकर सुरू होते. बाजार समितीच्या आवाराकडे उद्याच्या लिलावासाठी कांद्याचे ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने लागलेले असतात, चहाच्या टपऱ्यांवर चार माणसं शेकत बसलेली असतात, आणि बाकी गाव दारं लावून घेतं. ज्या घरात गोधडी शिवायला काढलेली असते, तिथे मात्र दिवसाचं दुसरं काम याच वेळी सुरू होतं. जेवणं आटोपलेली, भांडी घासून पालथी घातलेली. फरशीवर सतरंजी, सतरंजीवर गोधडी, आणि गोधडीवरच मांडी घालून बसलेली सासू आणि सून. गोधडी अशी अंगाखाली घेऊनच शिवावी लागते. शिवणारीचं वजन कापडाचे थर जागच्या जागी दाबून धरतं, आणि थंडीत पायांनाही गोधडीचीच ऊब मिळते.

थंडी इथे तशीच असते. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात पारा काही वेळा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी निफाडचं नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत येतं. पण या दिवसांत बायकांची झोपमोड होते त्याचं कारण वेगळं आहे. बचत गटांची मोठी प्रदर्शनं याच मोसमात भरतात. पुण्यातली भीमथडी जत्रा डिसेंबरात असते, मुंबईत ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस हिवाळ्यात भरतं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली छोटी प्रदर्शनंही त्याच सुमारास लागतात. ऊबदार वस्तू थंडीतच विकली जाणार, हे उघड आहे. पंचाईत एवढीच की उन्हाळ कांद्याची लागणही डिसेंबर-जानेवारीतच असते.

कांद्याचं रोप बायकांच्या हातांनी लागतं. ओल्या वाफ्यात उकिडवं बसून, डाव्या हातात रोपांची जुडी आणि उजव्या हाताच्या बोटांनी एकेक रोप चिखलात खोचत सरकायचं. संध्याकाळी घरी आल्यावर बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असतात. रात्री त्याच बोटांत सुई धरायची असते. गोधडीच्या मोठ्या सुईचं मागचं टोक चार-सहा थरांतून रेटताना तळव्याला आणि बोटाला रुततं. कुणी अंगुस्तान घालतं, कुणी बोटाला चिंधी गुंडाळतं. भेगेत दोरा घासला की झोंबतो. गोधडीची ऊब अंगावर घेणाऱ्याला हे सहसा ठाऊक नसतं.

शिवण मात्र दिसायला अगदी साधी. धावदोरा, म्हणजे सुई खाली घालायची, वर काढायची, पुन्हा खाली. शाळेत शिवणाच्या तासाला सगळ्यात आधी शिकवतात तो टाका. या एका टाक्यावर सगळी गोधडी उभी आहे. काठापासून सुरुवात करायची, चारी कडांनी फेरी पूर्ण करायची, मग तिच्या आत बोटभर अंतर सोडून दुसरी, तिच्या आत तिसरी, असं करत मध्यावर यायचं. कापडात कुठे फुगा राहिला असेल तर तो फेरीगणिक आत सरकत जातो आणि अनुभवी हात तो वाटेतच जिरवतो. नवशिक्या हाताची गोधडी मध्यभागी पोट काढते. जुन्या बायका नुसता तळवा फिरवून सांगतात, कुठे थर सरकलाय ते.

गोधडीचं माप नऊवारीतून आलं असावं असं तिचा हिशेब मांडला की वाटू लागतं. नऊ वार म्हणजे 27 फूट लांबी, आणि पन्हा जवळपास चार फूट. लुगडं मधोमध कापून दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की आठ फूट रुंद आणि साडेतेरा फूट लांब कापड होतं. ते एकदा दुमडलं की आठ बाय पावणेसात फुटांचे दोन थर तयार. एका लुगड्यात गोधडीचं वरचं आणि खालचं अंग भागतं, चिंधीसुद्धा वाया जात नाही. तीन लुगडी घेतली की सहा थर, आणि निफाडच्या थंडीला सहा थर पुरतात.

आता टाके मोजू. एवढ्या गोधडीवर एकेक इंच अंतरावर फेऱ्या घेतल्या तर शिवणीची लांबी साधारण 650 फूट भरते, म्हणजे जवळपास 200 मीटर. इंचाला दोनच टाके धरले तरी साडेपंधरा हजार टाके होतात. मिनिटाला 15 टाके या वेगाने, एकदाही मान वर न करता, सतरा तास. त्यात कापड धुणं, उसवणं, जोडणं, कच्चे टाके घालून थर बसवणं, दर हातभर दोऱ्यानंतर सुई ओवणं आणि शेवटी कडेचा गोट लावणं धरलेलं नाही. ते धरलं तर चोवीस तासांचं काम सहज होतं. रोज रात्री तीन तास मिळाले तर एका गोधडीला आठ रात्री. प्रदर्शनाला दहा गोधड्या न्यायच्या असतील तर शिवणाऱ्या दोघी असूनही दिवाळीचा फराळ संपायच्या आत सुई हातात घ्यावी लागते.

म्हणून शेवटच्या आठवड्यात घर गोधडीमय होऊन जातं. एक गोधडी निम्मी शिवून कोपऱ्यात घडी घातलेली, दुसरीचा गोट राहिलेला, तिसरीचे तुकडे अजून पाटीत. शेजारची एखादी बाई “मी कड घेते, तू मधलं घे” म्हणत येऊन बसते. मोठ्या गोधडीवर चौघी चार बाजूंना बसल्या की काम झपाट्याने पुढे सरकतं, पण प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. एकीचा गव्हाच्या दाण्याएवढा, दुसरीचा तांदळाएवढा. मग जिचा हात सगळ्यांत सारखा, तिच्याकडे वरचं दर्शनी अंग येतं. सासूची नजर आता रात्री सुईच्या नाकात चालत नाही. सून दिवा लागण्याआधीच दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवते आणि म्हणते, “आत्या, या संपल्या की हाक मारा.” ही सोय कुणी शिकवलेली नाही, पण गोधडी शिवणाऱ्या घरांत ती हमखास सापडेल.

शेवटच्या दोन दिवसांत सुई बाजूला पडते. दोऱ्यांची राहिलेली टोकं कापायची, कच्चे टाके उसवून काढायचे, गोधडी उन्हात टाकून झटकायची, मापं घ्यायची, चिठ्ठ्या लावायच्या. मग गठ्ठा बांधायचा. सहा थरांची गोधडी जड असते आणि दहा गोधड्यांचा गठ्ठा एकटीला उचलत नाही. लासलगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे आणि पंचवटी एक्सप्रेस इथे थांबते, हे मुंबईला माल नेणाऱ्या बाईच्या फार उपयोगाचं आहे.

गोधडीचं खरं घर मात्र प्रदर्शनाच्या मांडवात कधीच नव्हतं. ती विकण्यासाठी शिवलीच जात नव्हती. आजीचं लुगडं विरलं, आजोबांचं धोतर फाटलं, पोराचा सदरा आखूड झाला, की त्याची गोधडी होई. बाळंतिणीच्या घरी आधी दुपटं आणि कुंची शिवली जाई, तीही जुन्याच कापडाची. नव्या कापडात खळ असते, ते बाळाच्या अंगाला बोचतं. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती लुगडं मऊ पडलेलं असतं आणि घाम टिपतं. थराथरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. संस्कृतात कंथा हा शब्द आहे आणि बंगालची कांथा त्याच शब्दाची लेक. बिहारात सुजनी आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी बायका कवंदी शिवतात. तिचीही शिवण काठापासून मध्याकडे जाते आणि चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. नकाशावर इतक्या लांब असलेल्या बायकांनी एकच रीत धरली, कारण जुनं कापड, सुई आणि दोरा यांतून निघणारी सगळ्यांत मजबूत वस्तू हीच आहे.

नवरात्रात घट बसण्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला निघतात. ते दृश्य गोदाकाठच्या ज्या माणसाने लहानपणी पाहिलं असेल तो विसरणार नाही. ओली गोधडी एका बाईला पेलत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहून उलट-सुलट पीळ देतात, पाणी धबाधबा गळतं, आणि मग ती काठावरच्या दगडांवर पसरतात. त्या दिवशी कुणाच्या घरात कोणती लुगडी नेसली जायची याचा सगळा इतिहास नदीकाठी उन्हात पडलेला असतो.

हा इतिहास आता तुटू लागला आहे. नऊवारी नेसणाऱ्या बायका गावातही थोड्याच उरल्या. सहावारी साडीची लांबी 18 फूट, तिच्यात गोधडीचा एकच थर निघतो. शिवाय रोजची साडी आता बहुतेक पॉलिएस्टरची. ती विरत नाही, मऊ पडत नाही, घाम टिपत नाही. शिवताना थरावर थर ठरत नाही, सारखा निसटतो. घरोघरच्या ट्रंकेत जुनं सुती कापड उरलं नाही, म्हणून प्रदर्शनासाठी शिवणाऱ्या बायका नवं सुती कापड, शिंप्याकडची कात्रणं किंवा खणाचे तुकडे आणतात. त्याला आणखीही एक कारण आहे. शहरातलं गिऱ्हाईक गोधडी हातात घेतं, छान म्हणतं आणि पुढे विचारतं, “ताई, जुन्या साड्यांची नाही ना?”

या प्रश्नाने गोधडी बदलली. नव्या कापडाची गोधडी देखणी होते, रंग जुळवता येतात, मापं ठरावीक ठेवता येतात. तिला नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही, ती अनेक घरांचा संसार चालवते. पण जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या जुन्याचा पुनर्वापर करत आली, तिला आज जुनं असल्याबद्दल खाली मान घालावी लागते, याचं वाईट वाटतं. बाहेरच्या जगाने तिची किंमत ओळखली आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या गोधड्यांवर इंग्रजीत सचित्र पुस्तक लिहिलं, आणि ते 2013 मध्ये फ्रान्सच्या क्विल्टमानिया या प्रकाशनाने काढलं. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात 1997 पासून नुसत्या गोधड्यांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. ह्यूस्टनला दरवर्षी गोधड्यांचा महोत्सव भरतो आणि तिथे विरलेल्या, ठिगळं लावलेल्या जुन्या गोधडीपुढे लोक थांबून पाहतात.

पैशाचा हिशेबही स्पष्ट मांडायला हवा. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. चोवीस तासांचं काम म्हणजे आठ तासांचे तीन दिवस, म्हणजे नुसती मजुरी 891 रुपये. ही खड्डे खणण्याच्या, माती उचलण्याच्या कामाची मजुरी झाली. त्यात कापड, दोरा, गाडीभाडं आणि मांडवातल्या दिवसांचं खाणं-राहणं धरा. शिवणारीच्या कसबाचे पैसे तर अजून लागलेलेच नाहीत. आणि तिच्या गाळ्यासमोर उभं राहून गिऱ्हाईक पानिपतच्या यंत्रावरच्या ब्लँकेटचा भाव सांगतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, येवल्याची पैठणी लासलगावहून तासाभराच्या अंतरावर विणली जाते आणि तिच्यामागे लागलेल्या महिन्यांचा हिशेब कुणी नाकारत नाही. गोधडीचे तास मात्र कुणी मोजत नाही, कारण ते घरातल्या बाईच्या रात्रीतून आलेले असतात. खुद्द शिवणाऱ्याही पुष्कळदा किंमत लावताना कापड आणि दोरा मोजतात, रात्री मोजत नाहीत. लासलगावात 1947 पासून बाजार समिती आहे. तिथे कांद्याच्या क्विंटलमागे काय भाव निघाला ते दुपारपर्यंत गावातल्या पोरालाही माहीत असतं. त्याच गावात शिवलेल्या गोधडीचा भाव ठरवायला अजून कुठलाही आधार नाही. गटांनी तासांची वही ठेवावी आणि भाव त्या वहीवरून लावावा, इतकं तरी आजच करता येईल.

या हिवाळ्यात कुठल्या प्रदर्शनात गेलात आणि गोधडी हाताशी आली, तर ती उलटून पाहा. यंत्राची शिवण सलग रेघेसारखी जाते. धावदोऱ्यात टाका, मग मोकळी जागा, मग टाका, असं दिसतं, आणि वर जिथे जागा सुटलेली असते तिथे खाली टाका असतो. अशी शिवण दिसली तर किती थर आहेत, किती रात्री लागल्या, हे विचारा. जुन्या लुगड्याची असेल तर तीच मागून घ्या. आणि सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका.