भयगीतांची मालिका : भीती, स्वर आणि आधार
(सातारा व सांगली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

दरवर्षी ३१ ऑक्टोबरला पाश्चात्त्य देशांत साजरा होणारा हॅलोविन हा सण आता महाराष्ट्रातील शहरी शाळा-महाविद्यालयांनाही अपरिचित राहिलेला नाही. या सणाच्या निमित्ताने भीतिदायक गीते एकत्र गुंफून ऐकवण्याची प्रथा तिकडे रूढ आहे. १९६२ मधील ‘मॉन्स्टर मॅश’ आणि मायकेल जॅक्सनचे ‘थ्रिलर’ ही अशा मालिकांतील नेहमीची गीते होत. मात्र गीतांची निवड करताना बहुधा शब्दांकडेच पाहिले जाते. गीतात भूत, कबर किंवा वटवाघूळ आले, की ते भयगीत ठरते. माणसाला मुळात कशाची भीती वाटते आणि ती भीती स्वरांतून कशी जागी होते, हा प्रश्न मागे पडतो.

मराठी समाजात मृतांशी असलेले नातेही वेगळे आहे. भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्येला पूर्वजांना घास ठेवला जातो. धनत्रयोदशीला यमासाठी दीप लावला जातो. येथे मृतांना घाबरवून पळवून लावले जात नाही, त्यांची आठवण ठेवली जाते. त्यामुळे तिकडील गीतांची यादी जशीच्या तशी उचलून येथील श्रोत्यांसमोर ठेवणे पुरेसे ठरत नाही. प्रस्तुत लेखात सर्वसामान्य भीतींवर आधारित गीतमालिका कशी रचावी, याचे विवेचन सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या सांस्कृतिक संदर्भात केले आहे.

भयानक रस आणि भीतीची कारणे

भारतीय साहित्यशास्त्रात भय हा स्थायिभाव मानला असून त्यापासून भयानक रसाची निष्पत्ती होते. भरताच्या नाट्यशास्त्रात या रसाचा वर्ण कृष्ण व देवता काल सांगितली आहे. भयाची जी कारणे तेथे दिली आहेत, ती आजही लागू पडतात. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्हा व घुबड यांचे ओरडणे, ओसाड घर, अरण्य आणि स्वजनांचा वध किंवा बंधन ही ती कारणे होत. या यादीत ऐकू येणाऱ्या गोष्टींना मोठे स्थान आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अंधारात डोळा निरुपयोगी ठरतो आणि सारा भार कानावर येतो. म्हणूनच रात्री टिटवी ओरडली तरी घरातील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. भरताने बीभत्स व भयानक या रसांसाठी धैवत हा स्वर योजावा, असेही म्हटले आहे.

आधुनिक संशोधनानेही आवाज आणि भीती यांच्या संबंधावर प्रकाश टाकला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार मानवी किंकाळीचे वैशिष्ट्य केवळ तिच्या उंच पट्टीत नसते. आवाजाच्या तीव्रतेत सेकंदाला सुमारे ३० ते १५० वेळा होणारे चढउतार तिला खरखरीत बनवतात आणि याच गुणामुळे मेंदू तिला धोक्याची सूचना समजतो. ‘सायको’ (१९६०) या चित्रपटात संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरून असाच परिणाम साधला. ‘जॉज’ (१९७५) मध्ये जॉन विल्यम्स यांनी लगतच्या दोन स्वरांच्या आवर्तनातून जवळ येणारे संकट सुचवले.

आधारस्वर आणि त्याचा अभाव

भारतीय संगीतात या प्रक्रियेचा विचार आधारस्वराच्या अंगाने अधिक स्पष्टपणे करता येतो. सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यनिर्मितीचे प्रसिद्ध केंद्र असून तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचे कार्य एकच, गायकाला आणि श्रोत्याला षड्जाचा अखंड आधार देणे. गायक कितीही दूर गेला तरी परतण्याचे ठिकाण कानाला ठाऊक असते. मारवा रागात कोमल रिषभ व तीव्र मध्यम योजून षड्जावर येणे वारंवार टाळले जाते आणि त्यामुळे सायंकाळची हुरहुर, काहीशी बेचैनी निर्माण होते. आधार आहे, पण तो हाती लागत नाही, अशी ती अवस्था असते.

भयगीताचे सूत्र याच ठिकाणी सापडते. संगीतातील भीती ही आधार काढून घेतल्याची जाणीव असते. आवाज ऐकू येतो पण गाणारे शरीर दिसत नाही. स्वर चालू राहतात पण ताल सुरू होत नाही. शांतता पसरते पण ती संपण्याचा क्षण कळत नाही. सर्वसामान्य भीतींचे स्वरूपही असेच असते. अंधार दृष्टीचा आधार काढतो, एकांत माणसांचा आणि मृत्यू नात्याचा. त्यामुळे मालिकेतील प्रत्येक गीत कोणता आधार काढून घेते, हा निवडीचा निकष ठरतो.

परिसरातील भयाची परंपरा

या दोन जिल्ह्यांना भयाच्या रंजनाची जुनी परंपरा आहे. ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, तो सांगली संस्थानात १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या ‘सीतास्वयंवर’ या नाटकाच्या स्मरणार्थ. त्या परंपरेतील नाटकांत राक्षसांचे प्रवेश आरडाओरड आणि शस्त्रांचा खणखणाट यांसह होत. त्यांच्या आरोळीवरूनच पुढे या नाटकांना ‘अललडुर्र’ हे नाव पडले. त्याच रंगमंचावर विदूषकही असे. भय आणि हास्य यांची सांगड प्रेक्षकांना तेव्हापासून परिचित आहे. १९९३ च्या ‘झपाटलेला’ या मराठी चित्रपटाच्या लोकप्रियतेचे मूळही याच अभिरुचीत शोधता येते.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरचे धुके हिंदी भयपटांच्या इतिहासाशी जोडले गेले आहे. रामसे बंधूंनी ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) या चित्रपटाचे चित्रीकरण तेथे केले आणि कमी खर्चातील भयपटांची एक परंपराच सुरू झाली. दुसरीकडे, हिंदी चित्रपटांतील गूढ गीतांना ज्या आवाजाने ओळख दिली, त्या लता मंगेशकर यांच्या बालपणातील काही वर्षे सांगलीत गेली. आशा भोसले यांचा जन्मही १९३३ मध्ये सांगलीचाच.

गीतांची निवड

वरील निकषानुसार पाच भीती व त्यांना अनुरूप गीते पुढीलप्रमाणे मांडता येतात.

अनोळखी चाहुलीची भीती : ‘महल’ (१९४९) मधील ‘आएगा आनेवाला’ हे खेमचंद प्रकाश यांचे गीत या प्रकारचा आद्य नमुना होय. प्रारंभीच्या ओळी तालाविना येतात. आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून गायिकेला ध्वनिक्षेपकापासून दूर उभे करून गात गात जवळ यायला सांगितले होते. ध्वनिमुद्रिकेवर प्रारंभी गायिकेचे नाव नव्हते, चित्रपटातील ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापले होते. आवाजाला शरीर नाही, ही कल्पना अशा रीतीने ध्वनिमुद्रिकेपर्यंत पोहोचली.

अंधाराची भीती : ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या मराठी चित्रपटासाठी सुधीर मोघे यांनी लिहिलेली व हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीतबद्ध केलेली गीते येथे घ्यावीत. आशा भोसले यांनी गायिलेले ‘काजळ रातीनं ओढून नेला’ आणि महेंद्र कपूर यांच्या आवाजातील ‘रात्रीस खेळ चाले’ ही दोन्ही गीते रात्रीलाच एक पात्र बनवतात. दुसऱ्या गीताच्या मुखड्यावरून २०१६ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षक घेतले गेले, यावरून त्याचा ठसा किती खोल आहे हे कळते.

ओसाड वास्तूची व एकांताची भीती : ‘बीस साल बाद’ (१९६२) मधील ‘कहीं दीप जले कहीं दिल’ आणि ‘कोहरा’ (१९६४) मधील ‘झूम झूम ढलती रात’ ही हेमंतकुमार यांची दोन्ही गीते या वर्गात येतात. दोहोंतही आवाज गोड आहे. कर्कशतेने माणूस दूर पळतो; गोडवा त्याला जवळ बोलावतो, आणि धोक्याकडे आपणहून चालत जाण्याची ही जाणीव अधिक भयावह असते.

मृत्यूची व विरहाची भीती : ‘वो कौन थी’ (१९६४) मधील मदनमोहन यांचे ‘नैना बरसे’ हे गीत येथे योग्य ठरते. ते शब्दांनी विरहगीत आहे. मृत व्यक्ती परत येईल का, ही भीती आणि ती परत यावी, ही इच्छा यांत फार अंतर नसते, हे त्यातून जाणवते.

सर्पाची भीती : ‘नागिन’ (१९५४) मधील पुंगीची धून सर्वपरिचित आहे. प्रत्यक्षात तो नाद क्लॅव्हियोलिन हे विजेवर चालणारे वाद्य आणि संवादिनी यांतून निर्माण केला गेला. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपंचमीमुळे या परिसरात नागाकडे पाहण्याची दृष्टी केवळ भीतीची राहिलेली नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व न्यायालयीन निर्देश यांमुळे जिवंत नागांच्या प्रदर्शनावर बंधने आली असली, तरी नागाला भाऊ मानण्याची भावना टिकून आहे. हे गीत म्हणूनच मालिकेत तणाव सैल करण्यासाठी वापरावे.

क्रमरचना

गीते निवडल्यानंतर क्रमाचा प्रश्न येतो. सर्वाधिक भीतिदायक गीत आरंभी ठेवल्यास पुढील गीते फिकी पडतात. आरंभ दूरच्या चाहुलीने करावा, त्यानंतर अंधार, ओसाड वास्तू आणि मृत्यू असा बाहेरून आत जाणारा क्रम ठेवावा. दोन गीतांमध्ये काही क्षणांची शांतता ठेवणे आवश्यक असते, कारण श्रोत्याची कल्पनाशक्ती त्याच रिकाम्या जागेत काम करते. अचानक मोठा होणारा आवाज संपूर्ण मालिकेत एकदाच वापरावा. दचकणे ही शरीराची प्रतिक्रिया असून ती पुनःपुन्हा घडवल्यास कान सरावतो आणि पुढे उरतो तो केवळ त्रास. मृत्युगीतानंतर ‘नागिन’सारखे परिचित गीत किंवा एखादा विनोदी तुकडा योजावा.

शेवट मात्र आधारस्वराकडे परतणारा असावा. मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे ऑक्टोबर १९३७ मध्ये निधन झाले. त्यांच्या ‘जमुना के तीर’ या भैरवीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा संकेतही श्रोत्यांना ठाऊक असतो. भैरवी लागताच रात्र संपल्याची खूण पटते.

रंजनाच्या मर्यादा

या परिसरासाठी मालिका रचताना दोन गोष्टींचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. पहिली गोष्ट प्रत्यक्ष भोगलेल्या भीतीची. कोयना धरणात पाणी साठू लागल्यानंतर, १९६२ पासून, परिसरात सुरुंगासारख्या आवाजांसह सौम्य धक्के जाणवू लागले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. २००५ व २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली वेढली गेली. २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. येथे आधार गेला तो कल्पनेत गेला नव्हता. पायाखालची जमीन आणि घराची भिंतच गेली होती. अशा श्रोत्यांसमोर भूगर्भातील गडगडाट, पाण्याचा लोंढा किंवा धोक्याचा भोंगा हे ध्वनी परिणामासाठी वापरणे अनुचित होय. रसास्वादासाठी भय ‘साधारण’ व्हावे लागते, असे भट्टनायकाचे मत आहे. ज्याची जखम अद्याप ओली आहे, त्याच्या बाबतीत हे साधारणीकरण घडत नाही. त्याच्यापुरती ती केवळ पुनरावृत्ती ठरते.

दुसरी गोष्ट भीतीच्या व्यापाराची. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी भूतबाधा, करणी व भानामती यांच्या नावाखाली होणाऱ्या शोषणाविरुद्ध आयुष्यभर कार्य केले. त्यांच्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भयगीते आणि बुवाबाजी दोन्ही भीतीवरच उभी असल्याने त्यांतील फरक स्पष्ट करणे गरजेचे आहे. ‘महल’मधील गूढ स्त्री शेवटी माळ्याची मुलगी निघते, ‘बीस साल बाद’मधील रहस्यामागेही माणूसच असतो. या चित्रपटांत भयाचे कारण अखेरीस उलगडते आणि प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो. बुवा मात्र कारण कधीच उलगडू देत नाही, कारण भक्ताची भीती संपली की त्याचे उत्पन्न संपते.

समारोप

सर्वसामान्य भीतींवर आधारित गीतमालिका रचणे हे केवळ गीते गोळा करण्याचे काम नाही. प्रत्येक भीतीने माणसाचा कोणता आधार जातो, तो स्वरांतून कसा काढून घेता येतो आणि शेवटी तो परत कसा द्यावा, याचा विचार त्यामागे असावा लागतो. त्यासाठी लागणारी सामग्री सातारा व सांगली परिसरात विपुल आहे. महाविद्यालयीन सांस्कृतिक मंडळांना ३१ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर या दिवसांत असा उपक्रम घेता येईल आणि त्यातून चित्रपटसंगीत, रसविचार व विवेकवाद यांचा एकत्रित परिचय विद्यार्थ्यांना होऊ शकेल. श्रोता ज्या मनःस्थितीत आला त्याहून अधिक निर्भय होऊन परतला, तरच अशी मालिका यशस्वी झाली असे म्हणता येईल.