संघ असेल ना?

नवा हंगाम तोंडावर आला की फुटबॉलवेडा माणूस एकच विचारतो : यंदा आपला संघ कितवा येणार? ब्राझीलमध्ये या प्रश्नाला अर्थ आहे. महाराष्ट्रात मात्र गेली वीस वर्षं त्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो : संघ असेल ना?

२००५-०६ चा हंगाम आठवा. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने त्या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. प्रशिक्षक डेरिक परेरा, आणि आघाडीला पोर्तो आलेग्रीचा जोसे रामिरेझ बरेटो. कोलकात्याने डोक्यावर घेतलेला हा ब्राझिलियन तेव्हा आपल्याकडे होता. त्याच सुमारास त्याच्या शहरातला ग्रेमिओ क्लब दुसऱ्या श्रेणीत धडपडत होता. २६ नोव्हेंबर २००५ ला रेसिफेत, नाउतिकोविरुद्ध, त्यांचे चार खेळाडू पंचांनी बाहेर काढले. नाउतिकोला मिळालेल्या दोन पेनल्टी वाया गेल्या, सातच जण उरलेले असताना कोवळ्या अँडरसनने गोल मारला आणि ग्रेमिओ वर आला. २००७ मध्ये तोच संघ कोपा लिबर्टाडोरेसच्या अंतिम फेरीत होता. २०१७ मध्ये विजेता. २०२१ ला पुन्हा खाली गेला, पुढच्याच वर्षी पुन्हा वर. सभासदांचा क्लब आहे तो. हरतो, रडवतो, पण उठून जात नाही.

महिंद्रा खाली गेला नव्हता. २००९-१० नंतर कंपनीने तो सरळ बंदच केला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता; तीन वर्षांत तोही संपला. मुंबई एफसी २०१६-१७ ला तळाला गेला, तो परतलाच नाही. पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये ब्राझीलच्या मार्सेलिन्योला घेऊन इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली, आणि २०१९ मध्ये त्यांची जागा हैदराबादच्या संघाने घेतली.

यातला एकही संघ संभाजीनगरचा नव्हता, तरी आपल्याकडच्या पोरांनी ते आपलेच मानले. अंधेरीतला सामना बघायचा म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास, तोही केला. अंधेरीत खेळणाऱ्या, सुपर लीगमधल्या मुंबई सिटीने उपकारही फेडले : २०२०-२१ ला साखळीची शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही, २०२२-२३ ला शील्ड, २०२३-२४ ला करंडक. मग जुलै २०२५ मध्ये खुद्द इंडियन सुपर लीगच थांबवली गेली, कारण फुटबॉल महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातला करार संपत आला होता. वर्षअखेरीस मुंबई सिटीत मोठा हिस्सा असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबईतून हात काढून घेतला. मैदानावर जिंकलेलं सगळं असं कागदावर अडकतं, याचं मला मनापासून दुःख होतं.

महाराष्ट्रात याला एक उत्तर आधीपासून आहे, कोल्हापुरात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल : हे संघ तालमींचे, पेठांचे. त्यांच्यामागे पैसा कमी, पण अख्खी पेठ उभी असते; हरल्या वर्षीही पोरं शाहू स्टेडियमवर येतातच. संभाजीनगरच्या आमखास मैदानावर चेंडूमागे धावणाऱ्या आपल्या मुलांना मोठ्या मालकाची वाट बघायला लावण्यापेक्षा मोहल्ल्यांचे आणि वसाहतींचे संघ उभे करावेत, वर्गणीवर चालणारे. शहागंजचा एक, सिडकोचा एक, वाळूजचा एक, इतक्यावरही सुरुवात होते.